ओळीच्या कुंपणापलीकडे

मोठ्या ग्रंथात अमुक शब्द कोठे आला आहे, हे शोधून काढण्याची गरज ग्रंथांइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिस येथील डोमिनिकन साधूंनी ह्यू ऑफ सेंट-चेर यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलाची शब्दसूची सिद्ध केली. त्या काळी बायबलाच्या अध्यायांचे आजच्यासारखे क्रमांकित चरण पडलेले नव्हते. म्हणून या मंडळींनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग कल्पिले, त्यांना सात अक्षरे दिली आणि मग शब्द कोणत्या अध्यायाच्या कोणत्या भागात आहे ते नोंदविले. पुढे १९०६ मध्ये मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडिताने वैदिक वाङ्मयाची प्रचंड सूची प्रसिद्ध केली. तिचा घटक होता ऋचेची ओळ, म्हणजे पाद. आमच्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केल्यावर परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादकत्वाखाली सहा खंडांत जी प्रतीक-सूची काढली, तीही श्लोकाच्या पादांचीच होय.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. शोधणाऱ्याने शोधण्यापूर्वीच मजकुराचे तुकडे पाडले आहेत. कोणी अध्यायाचे सात भाग केले, कोणी पाद घेतले. तुकडा कोणता धरावा हा निर्णय वरवर पाहता सोयीचा वाटतो, परंतु पुढे काय सापडेल आणि काय सापडणार नाही हे त्यावरच ठरते. संगणकाच्या युगातही हा प्रश्न सुटलेला नाही. संगणकावर आज्ञा टंकून मजकूर शोधण्याची जी साधने गेल्या अर्धशतकात रूढ झाली, त्यांनी घटक म्हणून 'ओळ' निवडली, आणि ओळीच्या बाहेर सांडलेला मजकूर त्यांच्या नजरेतून निसटू लागला. ही निवड का झाली, तिने काय दिले, काय हिरावून घेतले आणि ते परत मिळविण्यासाठी कोणी कोणते उपाय योजिले, याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

अडचण प्रथम एका साध्या दृष्टांताने स्पष्ट करू. समजा, एखाद्या अभ्यासकाने जुन्या वृत्तपत्रांतील लेख टंकून संगणकात साठविले आहेत आणि त्याला 'सार्वजनिक सभा' हे दोन शब्द लागोपाठ कोठे येतात ते पाहावयाचे आहे. टंकताना कोठेतरी 'सार्वजनिक' हा शब्द ओळीच्या शेवटी आला आणि 'सभा' हा पुढच्या ओळीच्या आरंभी गेला. वाचणाऱ्याच्या डोळ्याला यात काहीच खटकत नाही. डोळा ओळ ओलांडून सहज पुढे जातो. परंतु शोधणारे साधन एका वेळी एकच ओळ उचलते, तपासते, टाकून देते आणि मग दुसरी उचलते. पहिल्या ओळीत त्याला 'सभा' दिसत नाही, दुसरीत 'सार्वजनिक' दिसत नाही. ते निमूटपणे पुढे जाते. चुकले असे सांगत नाही, शंकाही दर्शवीत नाही. अभ्यासक समजतो की हे शब्द तेथे नाहीतच. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांमधील हे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाला केवढे महाग पडू शकते, हे सांगावयास नको.

आता मौज अशी की, ज्या गणितावर ही साधने उभी आहेत त्या गणिताला ओळ ठाऊकच नाही. १९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील मज्जापेशींचे व्यवहार तर्कशास्त्राच्या भाषेत मांडणारा निबंध लिहिला. त्याचा विचार करीत असता स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेत एक टिपण तयार केले. ते पुढे १९५६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. मर्यादित अवस्था असलेले यंत्र चिन्हांच्या कोणत्या मालिका ओळखू शकेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याने तीन क्रियांत बसविले. एकापुढे एक ठेवणे, यातून एक निवडणे, आणि तीच गोष्ट शून्य किंवा अधिक वेळा करणे. या तिसऱ्या क्रियेला आजही तारकेचे चिन्ह वापरतात. अशा रीतीने बांधलेल्या सूत्राला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' असे नाव पडले. आपण त्याला शोधाचा साचा म्हणू. या साच्याच्या लेखी मजकूर म्हणजे चिन्हांची एक अखंड माळ. ओळ संपल्याची खूण हीदेखील त्या माळेतील एक मणीच. तेव्हा ओळीचे बंधन गणितातून आलेले नाही. ते आले कागदातून आणि यंत्रातून.

आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रपत्र प्रचारात आणले, आणि पुढे कित्येक वर्षे एक पत्र म्हणजे एक ओळ हे समीकरण कायम राहिले. त्यानंतर संगणकाशी बोलण्यासाठी टेलिटाइप आले. हे टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी आणि एका ओळीत ७२ अक्षरे मावत. म्हणजे भरलेली एक ओळ छापण्यास सात सेकंद लागत. अशा यंत्रावर सारे पान पुन्हा पुन्हा पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून मजकूर दुरुस्त करणारे कार्यक्रम 'अमुक ओळ दाखव, अमुक ओळ बदल' अशाच आज्ञा घेत. सुताराचे माप जसे हाताच्या वितीवरून पडते, तसे संगणकाच्या मजकुराचे माप टेलिटाइपच्या ओळीवरून पडले.

येथे केन टॉम्प्सन या माणसाचा प्रवेश होतो. १९४३ मध्ये जन्मलेला हा अभियंता १९६६ मध्ये बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. बर्कली येथे बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी 'क्यूईडी' नावाचा संपादन-कार्यक्रम रचला होता. टॉम्प्सनने तो नव्याने लिहिताना त्यात क्लीनीचे साचे घातले, आणि ते जुळविण्याची आपली पद्धत १९६८ च्या जून महिन्यात एका निबंधाने जाहीर केली. या पद्धतीचे मर्म समजण्यास कठीण नाही. एखाद्या पेठेत घर शोधावयाचे आहे आणि वाटेत अनेक बोळ फुटतात. एकटा माणूस एका बोळात शिरतो, तो बंद निघाला की परत येतो, दुसऱ्यात शिरतो. टॉम्प्सनने जणू प्रत्येक फाट्यावर एकेक पोर पाठविले आणि सर्वांना एकाच वेळी एकेक पाऊल पुढे टाकावयास लावले. मागे फिरण्याचे कारणच उरले नाही. मजकूर एकदाच वाचावयाचा, अक्षरामागून अक्षर, आणि काम संपले. या पद्धतीचे मोल पुढे फार वर्षांनी कळावयाचे होते.

१९६९ मध्ये न्यू जर्सीतील मरे हिल येथे टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक-प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. तिच्यातील 'एड' हा संपादक क्यूईडीचाच धाकटा भाऊ होता. त्यात एक आज्ञा अशी होती की, साऱ्या मजकुरात अमुक साचा जेथे जेथे जुळेल ती ती ओळ छाप. ही आज्ञा जी, आर-ई आणि पी या अक्षरांनी लिहीत. जी म्हणजे सर्वत्र, आर-ई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, पी म्हणजे छाप. ही अक्षरे सलग वाचली की 'ग्रेप' हा शब्द होतो. आज जगभर संगणकावर काम करणारी माणसे क्रियापदासारखा वापरतात तो हाच शब्द.

त्याच्या जन्माची कथा बेल प्रयोगशाळेतील मंडळी जरा निरनिराळ्या प्रकारे सांगतात. ब्रायन कर्निहान यांच्या आठवणीप्रमाणे त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट' लेखांचा अभ्यास करावयाचा होता. अमेरिकेच्या नव्या संविधानाला मान्यता मिळावी म्हणून १७८७ आणि १७८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी एकाच टोपणनावाने हे ८५ लेख लिहिले. त्यांपैकी बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे हा वाद दीर्घकाळ चालला. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी बारीकसारीक शब्दांच्या वापरावरून ते मॅडिसनचे असावेत असा निर्वाळा दिला होता. अशा अभ्यासासाठी शब्द शोधावे लागत. परंतु सारा मजकूर सुमारे एक मेगाबाइटचा, आणि संगणकाची स्मृती फार तर ६४ किलोबाइट. एड हा संपादक संपूर्ण मजकूर एका वेळी हाताळू पाहणारा, म्हणून तो या ओझ्याखाली वाकला. तेव्हा टॉम्प्सनने एका रात्रीत शोधाचा भाग संपादकातून वेगळा काढून दिला. स्वतः टॉम्प्सन सांगतात की, असे साधन त्यांच्या खासगी वापरात होतेच. डग मॅकिलरॉय यांनी मागणी केल्यावर त्यांनी रात्रीतून ते नीटनेटके करून सर्वांसाठी खुले केले. काही असो, १९७३ च्या नोव्हेंबरातील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात ग्रेपची नोंद आहे.

अडचणीतून निघालेली युक्ती किती सोयीची होती पाहा. एका वेळी एकच ओळ स्मृतीत घ्यावयाची असल्यामुळे मजकूर कितीही मोठा असला तरी चालतो. उत्तर म्हणून पूर्ण ओळ मिळते, आणि ओळ माणसाला वाचता येते. शिवाय त्याच वर्षी युनिक्समध्ये 'पाइप' आले होते. एका कार्यक्रमातून निघालेला मजकूर नळातून वाहावा तसा दुसऱ्यात सोडता येऊ लागला, आणि या नळातून वाहणारा घटक साहजिकच ओळ ठरला. म्हणजे ओळीची निवड आळसाने केलेली नव्हती. दारिद्र्यात केलेली ती शहाणपणाची व्यवस्था होती. परंतु दारिद्र्य संपल्यावरही व्यवस्था तशीच चालू राहते, हा सर्व संस्थांचा अनुभव आहे. स्मृती हजारो पटींनी वाढली, टेलिटाइप अडगळीत गेले, ओळ मात्र तशीच राहिली.

तथापि कुंपण आहे हे जाणकारांना लवकरच उमगले, आणि ते ओलांडण्याचे मार्ग एकामागून एक निघाले. पहिला मार्ग खिडकी रुंद करण्याचा. मॅकमहन यांनीच १९७३-७४ च्या सुमारास 'सेड' हे साधन लिहिले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ते सर्वत्र पसरले. सेडही ओळीमागून ओळ वाचतो, परंतु त्याला 'पुढची ओळ हिला जोड' अशी आज्ञा देता येते. मग दोन ओळी आणि त्यांच्यामधील खूण असा तुकडा त्याच्या पुढ्यात येतो. तो तपासावयाचा, पहिली ओळ सोडून द्यावयाची, दुसरी ठेवावयाची आणि तिसरी तिला जोडावयाची. दोन ओळींची ही खिडकी मजकुरावरून सरकत जाते, आणि आपली दुभंगलेली 'सार्वजनिक सभा' तिच्यात अलगद सापडते. मात्र शोधावयाचा मजकूर तीन ओळींत पसरला असला तर दोन ओळींची खिडकी अपुरी पडते. खिडकी किती रुंद हवी हे शोधणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

दुसरा मार्ग घटकच बदलण्याचा. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरे जोडून 'ऑक' ही छोटी भाषा केली. तिच्यात एक नोंद कोठे संपते हे वापरणारा स्वतः सांगू शकतो. नोंद-विभाजक रिकामा ठेवला की मोकळ्या ओळीने वेगळे केलेले परिच्छेद हाच घटक होतो. पत्ते, वंशावळी, जमाखर्चाच्या नोंदी असा जो मजकूर चार-चार ओळींच्या गठ्ठ्यांनी लिहिलेला असतो, त्यासाठी हा उपाय फारच उत्तम. जेथे मजकुराला स्वतःची रचना आहे, तेथे यंत्राच्या ओळीपेक्षा त्या रचनेला मान देणे केव्हाही श्रेयस्कर.

तिसरा मार्ग सरळ कुंपण मोडण्याचा. लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरात 'पर्ल' ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात सबंध फाइल एका घासात गिळून तीवर साचा चालविता येतो. पुढे १९९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांनी पर्लच्या धर्तीच्या साच्यांचे भांडार तयार केले, आणि त्यासोबतच्या शोध-साधनात 'अनेक ओळी' असा पर्याय आला. जीएनयू संस्थेच्या ग्रेपमध्ये एक पर्याय असा आहे की, ओळ संपल्याची नेहमीची खूण न मानता शून्य-चिन्ह ही खूण मानावयाची. सामान्य मजकुरात शून्य-चिन्ह नसतेच, त्यामुळे सारी फाइल एकच लांबलचक ओळ ठरते. यात एक गंमत घडते. जुळणी झाली की 'जुळलेली ओळ' म्हणून सारी फाइलच पडद्यावर ओतली जाते. म्हणून 'जुळलेला भागच दाखव' असे त्याला वेगळे बजावावे लागते.

कुंपण मोडल्यावर गुरे कोठेही शिरतात, तसा प्रकार येथेही होतो. तारकेचा स्वभाव अधाशी आहे. 'आरंभ' पासून 'समाप्त' पर्यंतचा मजकूर मागितला तर ती पहिल्या 'आरंभ'पासून अगदी शेवटच्या 'समाप्त'पर्यंत सर्व गिळंकृत करते. एका ओळीत हे फारसे बाधत नाही, सबंध फाइलमध्ये मात्र शंभर प्रकरणांचे एकच प्रकरण होऊन बसते. यासाठी पर्लमध्ये तारकेपुढे प्रश्नचिन्ह लावून 'जेवढे कमीत कमी पुरेल तेवढेच घे' असे सांगता येते.

दुसरा धोका वेळेचा. पर्ल आणि तिच्या कुळातील साधने बोळात शिरून परत फिरणाऱ्या एकट्या माणसाच्या पद्धतीने चालतात. टॉम्प्सनची १९६८ ची युक्ती त्यांनी बाजूला ठेवली होती. २००७ मध्ये रस कॉक्स यांनी एका लेखात दाखविले की, अवघ्या २९ अक्षरांवर एक विशिष्ट साचा जुळविण्यास पर्लला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो, आणि टॉम्प्सनच्या पद्धतीला सेकंदाचे वीस दशलक्षांश. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत असाच एक साचा शिरला आणि तिच्यावर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. छोट्या ओळीत हा दोष सहसा झाकून राहतो. ओळीचे बंधन काढून मजकूर लांबविला की तो उघडा पडण्याची शक्यता वाढते. सुदैवाने जुनी पद्धत पुन्हा प्रचारात आली आहे. अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'रिपग्रेप' तिच्याच वंशातील साच्यांवर चालते, आणि २०१८ पासून त्यात अनेक ओळींतून शोधण्याची सोय आहे. मात्र तीही मागितल्यावरच मिळते. न सांगता ते ओळीनेच शोधते, कारण ओळीचा मार्ग अजूनही सर्वांत स्वस्त आहे.

या सर्वांत आम्हांला अधिक मूलगामी वाटतो तो रॉब पाइक यांचा विचार. १९८७ मध्ये त्यांनी एका निबंधात युनिक्सच्या साधनांवर असा आक्षेप घेतला की, ओळ ही कल्पना त्यांच्या हाडीमाशी खिळली असल्याने ती दुबळी झाली आहेत. त्यांचा उपाय असा की, घटक कोणता हेही साच्यानेच सांगावे. प्रथम एका साच्याने मजकुराचे तुकडे पाडावे, मग दुसऱ्याने त्या तुकड्यांत शोधावे, आणि हवे तर तिसऱ्याने त्यांतही आत उतरावे. आपल्या 'सॅम' या संपादकात त्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले. सर्वत्र त्याचा प्रसार झाला नाही, परंतु प्रश्नाची योग्य मांडणी त्यांनी केली, असे आमचे मत आहे.

याच पाइक आणि टॉम्प्सन यांचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात टॉम्प्सन यांनी मेजावरच्या कागदी आच्छादनावर यूटीएफ-८ या लेखनपद्धतीचा आराखडा रेखाटला. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. परंतु त्या तीन बाइटांत ओळ संपल्याची खूण चुकूनही येऊ शकत नाही, अशी तिची रचना आहे. म्हणून केवळ इंग्रजी ओळखणारी जुनी साधने मराठी मजकुराच्याही ओळी अचूक तोडतात.

शेवटी पुन्हा महाभारताकडे वळू. १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिचा मजकूर क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरविला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो शुद्ध केला. त्यात अनुष्टुभाचा प्रत्येक अर्धा श्लोक स्वतंत्र ओळीत असून ओळीच्या आरंभी पर्व, अध्याय आणि श्लोक यांचे आठ अंक व एक अक्षर आहे. ग्रेपने शब्द क्षणात सापडतो. परंतु कर्ता पहिल्या अर्धात आणि क्रियापद दुसऱ्या अर्धात असलेले वाक्य शोधावयाचे तर साच्यात ओळीची खूण आणि मधले आठ अंक व ते अक्षर यांचीही तरतूद करावी लागते, किंवा आधी श्लोकाच्या क्रमांकावरून दोन्ही अर्ध जोडून घ्यावे लागतात. अर्थ श्लोकात आहे, यंत्र अर्ध्या श्लोकात पाहते. हे ध्यानी न घेता 'महाभारतात असा प्रयोग नाही' असे विधान कोणी केले, तर तो दोष व्यासांचा नव्हे आणि यंत्राचाही नव्हे.

साधनांच्या इतिहासाचा उपयोग तो हाच. प्रत्येक साधन मजकुराचे काही तुकडे पाडूनच शोध घेते, आणि ते तुकडे कोणी, कोणत्या गरजेने पाडले हे ठाऊक असले म्हणजे त्याच्या होकाराइतकाच त्याचा नकारही पारखून घेता येतो. शोध निष्फळ ठरला तर आपण काय विचारले याबरोबरच ते केवढ्या तुकड्यात विचारले, हेही एकदा पाहावे, आणि मगच 'नाही' असे लिहावे.